नावापुढचे वर्तुळ

लातूरच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातील, एका आडत दुकानाच्या मुनिमांनी माझी प्रश्नावली भरून परत दिली, तेव्हा ४२ च्या ४२ प्रश्नांसमोर ‘सहमत’ या एकाच रकान्यात खुणा होत्या, वरपासून खालपर्यंत ओळंबा लावल्यासारख्या सरळ. संगणकावरील हिशोबामुळे माझे काम लवकर उरकते, या विधानाला ते सहमत होते. संगणक वापरणे मला सोपे वाटते, यालाही सहमत होते. आणि संगणक वापरताना माझा गोंधळ उडतो, यालाही सहमत होते. मी शेवटच्या दोन विधानांवर बोट ठेवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे सांगितले, “मॅडम, उपयोगी आहे का म्हणून विचारायलाव तुम्ही. पण कुणाला उपयोगी, ते ह्यात लिहिलंच नाही. मालकाला, शेतकऱ्याला, का मला? मग सगळ्यालाच हो म्हटलं.”

मी त्या वेळी एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होते आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात पीएच.डी.साठी नोंदणी करून दोन वर्षे झाली होती. विषय होता व्यापार आणि शिक्षण या दोन क्षेत्रांतील माहिती प्रणालींचा, म्हणजे माहिती गोळा करून ठेवण्याच्या आणि वापरण्याच्या व्यवस्थांचा, वापर. पहिल्या भागात आडत दुकाने होती, दुसऱ्या भागात शाळा. मुनीमकाकांचा प्रश्न त्या दिवशी मला उत्तर टाळण्यासारखा वाटला होता. पुढे सगळा प्रबंध त्याच प्रश्नावर उभा करावा लागेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

प्रश्नावली माझी म्हणायची, पण तिचा सांगाडा माझा नव्हता. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली ‘एमआयएस क्वार्टर्ली’ या माहिती प्रणालींवरील नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माणसे नवे तंत्र का स्वीकारतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दोन गोष्टींत शोधले होते : हे आपल्या कामाला उपयोगी पडेल असे माणसाला किती वाटते, आणि हे वापरायला सोपे जाईल असे किती वाटते. त्यासाठी त्यांनी टोरंटोतील आयबीएमच्या प्रयोगशाळेतील ११२ जणांना आणि बोस्टन विद्यापीठातील एमबीएच्या ४० विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले आणि प्रत्येक बाजूला सहा-सहा विधाने घासूनपुसून पक्की केली. काम अतिशय नेटके आहे. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या विषयातील जितके संशोधन या एका निबंधाच्या पायावर उभे राहिले, तितके फार थोड्या निबंधांवर राहिले असेल. मीही तीच विधाने घेतली, मराठीत आणली, त्यांत स्थानिक विधानांची भर घातली आणि मोंढ्यात वाटली.

मात्र टोरंटोतील त्या कर्मचाऱ्यासमोर जी मोकळीक होती, ती मुनीमकाकांसमोर नव्हती. त्या कर्मचाऱ्याने एखादी संगणक प्रणाली वापरली नाही म्हणून त्याच्या संसारावर परिणाम होणार नव्हता. मुनीमकाकांच्या दुकानात मालकाच्या मुलाने पुण्याहून शिकून आल्यावर टॅली हे हिशोबाचे सॉफ्टवेअर बसवले होते आणि ते शिकण्यावाचून काकांना गत्यंतर नव्हते. शाळांत तर विचारायलाच नको. तिथे प्रणाली स्वीकारायची की नाही, हा प्रश्न शिक्षकाला कुणी केलेलाच नसतो. वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा, हा मुद्दा या शाखेतील अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही. व्यंकटेश, मॉरिस आणि गॉर्डन व फ्रेड हे दोन डेव्हिस यांनी २००३ साली तंत्रस्वीकाराचा जो एकत्रित सिद्धांत मांडला, त्यात तो स्पष्टपणे घेतला आहे. आमच्याकडे मात्र सांगाडा आला आणि त्याच्या अटी मागे राहिल्या.

हा विषय आमच्याकडे उशिरा आला, याचे मला वाईट वाटत नाही. मिनेसोटा विद्यापीठात १९६८ साली गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने व्यवस्थापकीय माहिती प्रणालींचा औपचारिक अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा औरंगाबादचे मराठवाडा विद्यापीठ जेमतेम दहा वर्षांचे होते; १९५८ पूर्वी इथली महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली असत. नांदेडचे आमचे विद्यापीठ तर १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मुक्तिदिनाचे औचित्य साधून स्थापन झाले. उशिरा आलेल्या माणसाला आधीच्यांच्या चुका पाहून शिकता येते, हा उशिराचा फायदाच आहे. दुःख याचे आहे की आम्ही उत्तरे इथे शोधली आणि प्रश्न मात्र तयार मागवले.

मार्गदर्शक सरांना मी ती एका रेषेतली प्रश्नावली दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली नाही, हे त्यांचे माझ्यावरचे ऋण आहे. त्यांनी मला अंतर्गत सुसंगतता, म्हणजे विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात ते, मोजण्याचे गणित पुन्हा करायला लावले. आमच्याकडे क्रॉनबॅक अल्फा हा त्याचा अंक ०.७० च्या वर गेला की प्रश्नावली विश्वासार्ह मानून पुढे जाण्याची रूढी आहे. परंतु विधाने सगळी एकाच दिशेची असतील आणि उत्तर देणारे लोक आपापला एक रकाना धरून खाली उतरत असतील, तर हाच अंक फुगतो. म्हणजे न वाचता केलेल्या खुणा जितक्या जास्त, तितकी प्रश्नावली अधिक विश्वासार्ह दिसते. मी उलट अर्थाची विधाने घातली होती म्हणून गडबड लक्षात तरी आली. सर म्हणाले, “आता हंगामात महिनाभर दुकानात बसा. काही विचारू नका, फक्त बघा.”

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आणि नंतर जमेल त्या दिवशी मी त्याच दुकानात बसले. सोयाबीनची आवक जोरात होती. ओट्यावर कट्टे उलटून ढीग केले जात, खरेदीदार मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळत, एखादा दाणा दाताखाली धरत, ओलावा मोजण्याचे यंत्र असूनही आधी दातावर विश्वास ठेवत. बोली सुरू झाली की मुनीमकाका हातात लांबट वही धरून ढिगामागून ढीग चालत. शेतकऱ्याचे नाव, गाव, कट्टे, भाव, खरेदीदाराचे आद्याक्षर, एवढे पेन्सिलीने लिहीत. पेन्सिलीने का, हे मला तिसऱ्या दिवशी कळले : वजन होईपर्यंत भावात बदल होऊ शकतो, ढिगाच्या तळाशी माती निघते, ओलावा जास्त निघतो, वाद होतो, मिटतो. संगणकाला एकच, पक्का आकडा हवा असतो. वहीला तो संध्याकाळपर्यंत कच्चा असलेला चालतो. म्हणून काका दिवसभर वही चालवीत आणि रात्री साडेआठनंतर संगणकात भरत. माझ्या प्रश्नावलीत ‘प्रणालीचा दैनंदिन वापर किती तास’ असा एक प्रश्न होता. त्याचे त्यांनी दिलेले ‘दोन तास’ हे उत्तर अगदी खरे होते आणि त्यातून काहीही कळत नव्हते.

त्या वहीत काही नावांपुढे एक लहानसे वर्तुळ काढलेले असे. पाच-सहा दिवस मी ते पाहत होते. शेवटी न राहवून विचारले. ते वर्तुळ म्हणजे त्या शेतकऱ्याला पैसे आजच लागणार आहेत. कुणाच्या घरी दवाखाना चालू असे, कुणाच्या मुलीचे लग्न तोंडावर आलेले असे, कुणाला रब्बीचे बियाणे त्याच दिवशी घेऊन परतायचे असे. शेतकरी ओट्यावर माल उतरवताना सहज बोलून जातो, ते काका ऐकतात आणि वर्तुळ काढतात. संध्याकाळी गल्ल्यात रोकड कमी पडली तर आधी वर्तुळवाल्यांना देतात, बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीचा वायदा करतात. संगणकात या वर्तुळाला जागा नव्हती. पण त्या दुकानातील माहिती प्रणालीचा मला वाटते सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

वहीचे गुणगान एवढ्यावर थांबवले पाहिजे, कारण त्याच वहीच्या मागे खतावणी असते आणि तिच्यात उचल असते. पेरणीच्या वेळी आडत्याने दिलेले पैसे, खताच्या दुकानाला भरलेले बिल, त्यावरचे व्याज, हे सगळे त्या खतावणीत असते आणि शेतकऱ्याला ते पिढ्यान्‌पिढ्या नुसते ऐकवले गेले आहे. संगणक आल्यावर त्या दुकानात पहिल्यांदा छापील पट्टी मिळू लागली : वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल, व्याज, निव्वळ देणे, प्रत्येक ओळ वेगळी. मी बसले होते त्या दिवसांत औसा तालुक्यातील एक वयस्क शेतकरी पट्टी घेऊन गेले आणि दोन दिवसांनी नातीला घेऊन परत आले. नात बारावीत होती. तिने पट्टीवरील उचलीच्या ओळीवर नख टेकवून विचारले की हे खताचे बिल आमचे नाही, मग आमच्या नावावर कसे आले. काकांनी जुनी वही काढली, पाने उलटली आणि त्याच आडनावाच्या भाऊबंदाचे बिल यांच्या खात्यावर पडल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी तिथल्या तिथे पट्टी दुरुस्त करून दिली. चूक हाताने लिहिण्याच्या काळातही होत असणार. ती सापडली, कारण हिशोब ज्याचा होता त्याच्या घरापर्यंत कागदावर पोहोचला.

या प्रसंगानंतर मी माझी टाचणे नव्याने वाचायला घेतली आणि दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवले. मध्य प्रदेशातील सोयाबीन पट्ट्यात आयटीसी या कंपनीने २००० सालापासून गावोगावी ‘ई-चौपाल’ ही संगणक केंद्रे उघडली. अपराजिता गोयल यांनी त्यांवरचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला आणि केंद्रे आल्यावर त्या भागातील बाजारांत सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान वाढल्याचे दाखवून दिले. दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे. शेतकऱ्यांना मोबाइलवर बाजारभाव आणि हवामान कळवणाऱ्या ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ या सेवेची पाहणी मार्सेल फाफशाम्प आणि बार्ट मिन्टेन यांनी १०० गावांत केली. पिकांत सोयाबीनही होते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरी असा ठळक फरक पडला नव्हता.

पहिल्यांदा वाचताना मी या दोन निष्कर्षांना परस्परविरोधी मानून त्यांची नोंद केली होती. मोंढ्यात बसल्यावर वाटू लागले की त्यांत विरोध नाही. ई-चौपालमध्ये भाव कळत असे आणि त्याबरोबर माल विकण्याचा दुसरा दरवाजाही उघडत असे, कारण कंपनी स्वतः खरेदीदार होती. मोबाइलवरच्या निरोपाने भाव कळे, दरवाजा तोच राही. ज्याच्या डोक्यावर एका आडत्याची उचल आहे, त्याला शेजारच्या बाजारात शंभर रुपये जास्त आहेत हे कळून उपयोग काय? त्याला कळून फक्त झोप लागत नाही. हे वाक्य एका शेतकऱ्याचे आहे. मी त्याचे शब्द सौम्य केले आहेत.

बाजार समिती ही मुळात माहिती प्रणालीच आहे, हे आपण विसरतो. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत, तेव्हा मालाचा धनी शेजारी उभा असूनही त्याला आकडा कळत नसे. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि तो देशातील पहिला मानला जातो. पुढे १९६३ च्या कायद्याने सबंध राज्याला एक चौकट मिळाली. उघड बोली, तपासलेला काटा, लेखी पट्टी या तिन्ही सुधारणा एकाच दिशेच्या आहेत. ज्याची माहिती आहे तिच्यावर त्याची नजर पोहोचावी, हाच त्या मागचा विचार. संगणक या रांगेतला चौथा आहे आणि त्याची परीक्षाही त्याच कसोटीवर व्हायला हवी, असे माझे मत बनले. विल्यम डिलोन आणि एफ्रेम मॅक्लीन यांनी माहिती प्रणालीचे यश मोजण्याची चौकट १९९२ साली मांडली आणि २००३ साली ती सुधारून घेताना ‘निव्वळ लाभ’ हा घटक आणला. आणि लाभ म्हणताना तो कुणाच्या बाजूने मोजायचा हे आधी ठरवा, असेही बजावले. मुनीमकाकांनी तो निबंध वाचलेला नाही. त्यांनी मला तेच विचारले होते.

दुसऱ्या भागासाठी मी बीड जिल्ह्यात गेले, कारण माझी मोठी बहीण तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळांची माहिती गोळा करणारी यू-डायस ही एकत्रित व्यवस्था देशात २०१२-१३ पासून आहे; महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ या राज्याच्या संगणक प्रणालीवर विद्यार्थीनिहाय नोंदी होऊ लागल्या. या प्रणालींमागचा हेतू मला मनापासून पटतो. एकच मूल तीन शाळांच्या पटावर दिसू नये, पैसा जिथे मुले आहेत तिथे जावा, यात वाईट काय आहे? परंतु ताईच्या घरी मी जे पाहिले, ते वेगळेच होते. दिवसा संकेतस्थळ मंद चालते म्हणून ती रात्री दहानंतर बसायची. आधारवर एक नाव, जन्मनोंदीत दुसरे, दाखल-खारीज रजिस्टरमध्ये तिसरे. एक काना जास्त झाला की नोंद अडकते. शौचालये किती, वर्गखोल्यांची रंगरंगोटी कधी, किचनशेड आहे का, वजने, उंच्या, बँक खाती. भरलेले सगळे वर जाते. खाली येते ते ‘अपूर्ण नोंदी’ या मथळ्याखालची यादी. रसेल ॲकॉफ यांनी १९६७ सालीच ‘मॅनेजमेंट सायन्स’मध्ये लिहिले होते की व्यवस्थापकाची मुख्य अडचण माहितीची टंचाई ही नसते, तो नको असलेल्या माहितीखाली दबलेला असतो. ताईच्या बाबतीत एक पायरी आणखी खाली उतरावे लागते. ती माहिती तिच्यासाठी गोळा होतच नव्हती.

दसरा-दिवाळीच्या सुमारास तिच्या वर्गातील मुले कमी होऊ लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आई-वडिलांच्या कोयत्याबरोबर लेकरेही ट्रॅक्टरवर चढतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही आजीजवळ राहतात, काहींसाठी हंगामी वसतिगृह असते, काही जातातच. पटावर मूल एकतर हजर असते, नाहीतर गैरहजर असते. ‘गेली आहे, परत येणार आहे’ असा रकाना तिने भरायच्या कुठल्याही नमुन्यात मला दिसला नाही. ताईने त्यासाठी शंभर पानी वही केली होती. मुलीचे नाव, कारखाना कोणता, मुकादम कोण, त्याचा मोबाइल, निघाली तेव्हा गणितात कुठे होती, वाचन कुठवर आले होते. ती वही उघडून पाहिली आणि मला मोंढ्यातील पेन्सिलीचे वर्तुळ आठवले. दोन्हीकडे, काम करणाऱ्या माणसाने प्रणालीच्या बाहेर स्वतःची प्रणाली उभी केली होती, आणि दोन्हीकडे ती समोरच्या माणसाचे बोलणे कान देऊन ऐकण्यातून आली होती.

प्रबंधात हे कसे मांडायचे, यावर बरेच दिवस गेले. एका दुकानातली एक वही आणि एका शाळेतली एक वही, याला नमुना निवड म्हणत नाहीत. सरांनी मला ज्योफ वॉल्शॅम आणि सुंदीप साहाय यांचा १९९९ चा निबंध वाचायला दिला. भारतातील जिल्हा प्रशासनात भौगोलिक माहिती प्रणाली का रुजत नाही, याचा शोध त्यांनी माणसांशी बोलून, पुनःपुन्हा जाऊन घेतला. ज्या अधिकाऱ्यांच्या रोजच्या विचारात नकाशाच नाही, त्यांच्या हाती नकाशावर बेतलेले तंत्र आले होते, हे त्यांना दिसले. तो निबंध छापला गेला ‘एमआयएस क्वार्टर्ली’तच, फ्रेड डेव्हिस यांच्या निबंधानंतर दहा वर्षांनी. मला त्याचा फार आधार वाटला. मी प्रश्नावल्या फेकल्या नाहीत. त्या मोजण्यासाठी ठेवल्या, आणि दोन प्रकरणे निरीक्षणाची लिहिली. प्रत्येक प्रणालीला एकच प्रश्न लावला : ज्याने ही माहिती दिली, त्याच्याकडे ती कोणत्या रूपात परत जाते? दुकानातील छापील पट्टीला त्याचे उत्तर होते. शाळेतील संगणकीय नोंदींपैकी बहुतेकींना नव्हते.

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आमच्या विभागातील प्रबंध चाळताना आजही मन जड होते. जिल्हा बदलतो, शीर्षकाची चौकट तीच राहते, आणि शेवटी ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ ही शिफारस येते. प्रशिक्षणाने मुनीमकाकांची वही सुटणार नाही आणि सुटूही नये. आता माझ्याकडे संशोधनाला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिले सहा महिने प्रश्नावली करू देत नाही. त्यांना ते लांबणीवर टाकल्यासारखे वाटते, याची मला जाणीव आहे. तरीही मी त्यांना दुकानात, बँकेच्या शाखेत, शाळेच्या कचेरीत नेऊन बसवते आणि तिथल्या माणसाची स्वतःची वही कोणती ते शोधायला सांगते.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक नावाचा एक साधा कागद असतो. मूल कितवीत आहे, काय येते, हे त्यावर लिहून देतात, म्हणजे जिथे टोळी उतरेल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यावे. ते भरून घेण्यासाठी ताई निघणाऱ्या पालकांच्या मागे गावाच्या वेशीपर्यंत जाते. मी तिच्याकडे होते त्या वर्षी चौथीतील एक मुलगी सांगली जिल्ह्यात गेली होती आणि मार्चच्या शेवटी परत आली. दप्तर नव्हते. कापडी पिशवीत चार घड्या घातलेले ते पत्रक होते, घड्यांवर फाटायला आलेले, कडेला चिपाडाचा डाग पडलेले. पुढच्या बाजूला ताईचे अक्षर होते. मागची बाजू कोरी असायला हवी होती; तिथे तिकडच्या शाळेतील कुणी बाईंनी किंवा गुरुजींनी पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘हातच्याची वजाबाकी येते. १७ चा पाढा निम्मा झाला आहे.’ ताईने ते दोनदा वाचले, मुलीला जवळ बसवले, आणि सतरा पंचे पंच्याऐंशीपासून पुढचा पाढा दोघी मिळून म्हणू लागल्या.